गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं ट्राउटच्या फ्लायला चालतील का?

झाडीपट्टी_गरी | ११ ऑक्टोबर, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. आमच्याकडे गावागावात मामा तलाव, त्यामुळे गरी टाकणं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. येत्या एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जायचं नक्की केलं आहे. तिथे फ्लायनेच, म्हणजे गळावर पिसं-धागा बांधून केलेल्या नकली किड्यानेच धरायचा आणि ती फ्लाय माझ्या हाताने बांधलेली असावी, अशी फार इच्छा आहे.

व्हिडिओ पाहून बांधणी थोडीफार समजली. अडचण पिसांची आहे. ड्राय फ्लायला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला, जे 'हॅकल' नावाचं पीस लागतं त्यासाठी कोंबड्याच्या माना (पिसांसकट वाळवलेलं मानेचं कातडं) परदेशातून मागवायच्या तर एका मानेला हजारो रुपये पडतात. आमच्या अंगणात गावरान कोंबडे आहेत: एक लाल-काळा, एक राखेरी पट्ट्यांचा, एक जवळजवळ काळा. त्यांची पिसं चालतील का? धागा कोणता घ्यावा? आणि इथे ट्राउट नाही, तर सराव कशावर करावा? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

पिसारा | ११ ऑक्टोबर, रात्री ११.०५

भाऊ, चालतील. मी सेलू तालुक्यात शेती करतो, दर उन्हाळ्याच्या तोंडावर कुल्लूकडे जातो आणि माझ्या डबीतल्या बहुतेक फ्लाय गावरान पिसांच्याच आहेत. खास पिसांसाठी कोंबडे पैदास करण्याची पद्धत अमेरिकेत रुळण्याआधी तिथल्या आणि इंग्लंडातल्या दुकानांत भारतातून गेलेल्या माना सर्रास विकल्या जात. म्हणजे आपल्या कोंबड्याच्या पिसांवर त्या लोकांनी वर्षानुवर्षं ट्राउट धरला आहे.

पण कोणतं पीस कशाला, हे आधी समजून घ्या, नाहीतर चांगल्या मानेचीही माती होते.

हॅकल म्हणजे गळाभोवती गोल गुंडाळलेलं पीस. गुंडाळलं की त्याचे केस चारी बाजूंनी उभे राहतात. ड्राय फ्लायमध्ये हे केस ताठ हवेत. त्यांची टोकं पाण्याच्या पृष्ठभागावर टेकतात, फ्लायचं वजन वाटलं जातं आणि पाण्याचा ताण तिला वर धरून ठेवतो. केस मऊ असले तर ते पृष्ठभाग फोडून आत शिरतात आणि फ्लाय बुडते. वेट फ्लाय म्हणजे पाण्याखाली चालणारी, तिचं नेमकं उलटं. तिथे पीस मऊ हवं, पाणी पिणारं हवं. प्रवाहात ते केस मिटतात, उघडतात, आणि माशाला वाटतं की पाण्यातून वर येणाऱ्या किड्याचे पाय हलताहेत.

म्हणून कोंबड्याची मान ड्रायला आणि कोंबडीची मान वेटला.

आता पीस तपासायचं कसं. पिसाच्या बुडाशी कापसासारखा मऊ भाग असतो, तो ओढून काढून टाका. वरचं पीस दांडीपाशी धरून वाकवा म्हणजे केस पसरतील. केसांची लांबी गळाच्या तोंडाच्या दीडपट ते दुप्पट हवी. तोंड म्हणजे गळाचं टोक आणि गळाची दांडी यांच्यामधलं अंतर. केसांची टोकं वरच्या ओठावर हलकेच दाबा: टोचल्यासारखी लागली तर ड्रायला घ्या, मऊ लागली तर वेटच्या डबीत टाका. पिसाच्या मधोमध दांडीलगत जो दाट, अपारदर्शक पट्टा असतो तो जितका अरुंद तितकं पीस चांगलं. आणि दांडी लवचिक हवी, गुंडाळताना तुटणारी किंवा पिळा पडणारी नको.

गावरान मानेची एक मर्यादा सांगतो. पीस आखूड असतं, एका पिसात चार-पाचच वेढे बसतात. म्हणून एका ड्राय फ्लायला दोन पिसं लावायची. परदेशी पैदाशीच्या कोंबड्याच्या पाठीचं एकच लांब पीस अनेक फ्लायना पुरतं, किंमत त्याची आहे. दुसरं म्हणजे १६ आणि १८ नंबरच्या बारीक गळाला लागणारी पिसं फक्त डोक्याजवळ मिळतात, आणि ती थोडी असतात. तुम्ही १२ आणि १४ नंबरने सुरू करा. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे लक्षात असू द्या.

---

खुराडा | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

भाऊ, मी दारव्ह्याकडची. मासोळीतलं मले काही कळत नाही, पण कोंबड्या पाळून राहिली म्हणून सांगते. आत्ता कोंबडा कापू नका. दसरा-दिवाळीच्या सुमाराले पिसं झडून नवी येऊन राहिली असते. कोवळ्या पिसाच्या देठात रक्त असते, ते वाळलं की चिरमटते. डिसेंबर-जानेवारीत पिसं पूर्ण भरते, चमक येते. कोंबडा वर्षाच्या वर वयाचा पाहिजे. बॉयलरचं पीस तर घेऊच नका, ते बिचारं दीड महिन्याचं लेकरू असते, त्याले मानेचं पक्कं पीस येतच नाही.

आणि कापल्यावर गरम पान्यात बुडवायच्या आधी मानेचं कातडं सोलून घ्या. उकळत्या पान्यानं पीस बिघडते. कातड्याची चरबी खरवडा, मीठ आन् टाकणखार चोळा, पुठ्ठ्यावर पिसं खाली करून टाचा, सावलीत वाळू द्या. डबीत कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या ठेवल्या की कीड लागत नाही. आमच्या घरी पिसांचे झाडू असेच टिकवतात.

---

पिसारा | १२ ऑक्टोबर, सकाळी ८.०२

ताई, हे सोन्यासारखं लिहिलं. पुस्तकातही पिसाच्या मोसमाबद्दल इतकं नेमकं क्वचित सापडतं.

---

रानवाट | १२ ऑक्टोबर, दुपारी १.१५

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट लिहून ठेवतो, कारण फ्लायचा विषय निघाला की कोणीतरी रानकोंबड्याचं नाव काढतोच.

मेळघाट, ताडोबा, पेंच इकडे राखी रानकोंबडा आहे. त्याच्या मानेच्या पिसावर मेणासारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. सॅमन माशाच्या जुन्या इंग्रजी फ्लायमध्ये ते डोळा म्हणून लावत, आणि त्या हौसेपायी आपल्या जंगलातले किती पक्षी गेले याची गणती नाही. आज तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. मारणं गुन्हा आहे, पिसं बाळगणं-विकणंही गुन्हा. गावात कोणी "जंगलातून आणून देतो" म्हणालं तर साफ नाही म्हणा. तित्तराचंही तेच. इंग्लंडातल्या वेट फ्लायना तित्तराचं पीस लागतं असं व्हिडिओत दिसेल, पण आपला तित्तर रानात राहू द्या.

त्याच्याऐवजी गावरान कोंबडीच्या पाठीवरचं तपकिरी ठिपक्यांचं पीस घ्या. पाण्यात ते तितकंच हलतं. गिनी फाऊल कोणी पाळत असेल तर त्याचंही ठिपकेदार पीस उत्तम.

मोरपिसाबद्दल: आपोआप गळलेलं मोरपीस देशात बाळगायला कायद्याने मुभा आहे, देशाबाहेर न्यायला बंदी. मोरपिसाचा एकेक धागा गुंडाळून केलेलं फ्लायचं अंग फार सुंदर दिसतं, पण तो धागा नाजूक. माशाच्या दाताने लगेच तुटतो.

अजून एक. रस्त्यावर, रानात, पोल्ट्रीच्या मागे मेलेल्या पक्ष्याची पिसं उचलू नका. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. निरोगी, घरच्या कोंबड्याचीच पिसं घ्या आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

---

कोसाधागा | १२ ऑक्टोबर, रात्री ८.५०

धाग्याबद्दल मी लिहितो. आमचं घर आंधळगावचं, कोशाचं विणकाम पिढ्यांपासून.

जुन्या इंग्रजी वेट फ्लाय रेशमी धाग्यानेच बांधत, कारण रेशीम ओलं झालं की त्याचा रंग गडद होतो आणि अंग जिवंत दिसतं. आपल्याकडचा कोसा ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढलेल्या किड्याचा. त्याचा मूळचा रंगच मधासारखा आहे, रंगवायची गरज नाही. पाण्यात भिजला की तो तपकिरीकडे झुकतो. मी तुमच्यासाठी आज धागा भिजवून पाहिला, १४ नंबरच्या गळावर एकच थर देऊन. अतिशय देखणं अंग येतं.

मात्र मागावर चालतो तसा पिळलेला जाड धागा घेऊ नका. एकेरी, कमी पिळाचा घ्या. विणकरांकडे ताण्याची उरलेली टोकं पडलेली असतात, मागितली तर कोणीही देईल. आणि फोडलेल्या कोशापासून हाताने काढतात तो घिच्चा मिळाला तर त्याचे तंतू बोटाने सुटे करून मेण लावलेल्या धाग्यावर पिळा. जाडसर, केसाळ अंग तयार होतं. मेण मोहोळाचं असेल तर उत्तम.

---

झाडीपट्टी_गरी | १२ ऑक्टोबर, रात्री १०.३०

मंडळी, एका दिवसात इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. खुराडाताई, डिसेंबरपर्यंत थांबतो.

पिसारा भाऊ, अवजारांचं काय करावं? आणि सुरुवात ड्रायने करू की वेटने?

---

पिसारा | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

वेटने. माझं ठाम मत आहे. वेटला एकच पीस, दीड वेढा, झालं. हात बसतो. आणि तीर्थनच्या फेसाळ, उतरत्या पाण्यात वेट फ्लाय मासे देते.

अवजारं: गळ धरायला छोटा वाईस लागतो, तेवढा मात्र नीट घ्या, सोनाराकडचा हातातला वाईस लाकडी ठोकळ्यावर बसवला तरी काम होतं. पीस धरायला मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारी मगरीच्या जबड्याची क्लिप, तिचे दात रबरी नळीने झाकून. शेवटची गाठ ढकलायला बॉलपेनची रिकामी नळी. पोटावर तांब्याची बारीक तार गुंडाळायची असेल तर जळलेल्या कूलर-पंपाच्या वायंडिंगमधली काढा. उन्हाळ्यानंतर प्रत्येक घरी एखादा जळलेला पंप असतोच. मोरपिसाचं अंग त्या तारेने उलट्या दिशेने बांधलं की दातांना टिकतं, रानवाट भाऊंनी म्हटलेली अडचण सुटते.

गळ मात्र बाजारातले घेऊ नका, निदान ड्रायसाठी. आठवडी बाजारातल्या गरीची तार जाड असते, कितीही चांगलं हॅकल लावलं तरी ती खाली ओढते. ड्रायचे बारीक तारेचे गळ वेगळे मिळतात.

कोंबडीच्या पिसाची वेट अशी बांधा. गळाच्या डोळ्यामागे (दोरी ओवायच्या भोकामागे) थोडी जागा सोडून कोशाचा धागा सुरू करा, गळाच्या टोकाच्या वरपर्यंत मागे न्या आणि तसाच पुढे आणा. एवढंच अंग. सडपातळ राहू द्या. सगळे नवशिके अंग जाड करतात आणि मग ते पाण्यात ओंडका होऊन वाहतं. पिसाचा बुडाचा मऊ भाग काढा, टोकाचे थोडे केस सोडून बाकीचे उलटे चोळा, टोकाकडून बांधा, दीड वेढा द्या, गाठ. दोन वेढ्यांच्या वर कधीच नको. विरळ हॅकल हलतं, दाट हॅकल हलत नाही.

ड्रायला दोन पिसं एकदम बांधून मागून पुढे वेढे द्यायचे, वेढ्यात वेढा अडकू न देता. तुमचा लाल-काळा आणि राखेरी पट्ट्यांचा कोंबडा दोन्ही आहेत हे तर भाग्यच. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९२२ साली लेनर्ड हॅलाडे यांनी बांधलेली अ‍ॅडम्स नावाची फ्लाय तपकिरी आणि पट्ट्यांच्या अशा दोन पिसांच्या मिश्रणाचीच आहे, राखाडी अंगावर. जगभर चालते, कारण ती एका किड्याची नक्कल नाही, बऱ्याच किड्यांसारखी दिसते. बांधून झाल्यावर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात लावा, पाणी धरणार नाही.

---

सातपुडा_पायथा | १३ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

मधेच विचारतो. चिखलदऱ्याला थंडी असते, ओढे आहेत. तिथे ट्राउट का सोडत नाहीत? पर्यटनही वाढेल.

---

रानवाट | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१०

जगणारच नाही. ट्राउटला बारा महिने थंड, वाहतं पाणी लागतं, साधारण २० अंशांच्या खालचं. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, आणि त्या माशाची भूक प्राणवायूची मोठी आहे. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास. हिवाळा छान, पण मे महिन्यात काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे, आणि तोवर बरेचसे ओढे डबक्यांवर आलेले असतात.

ट्राउट मूळचा भारतातला नाहीच. काश्मिरात १९०० साली ब्रिटनमधून आणलेली अंडी जगली, १९०९ च्या सुमारास कुल्लूत काम सुरू झालं. दक्षिणेत निलगिरीला तो टिकला, पण उटी २२०० मीटरच्या वर आहे. आणि जिथे टिकतो तिथे तो इथल्या लहान माशांना खातो, हेही विसरू नये. मेळघाटच्या ओढ्यांत आपले स्वतःचे मासे आहेत, आणि व्याघ्र प्रकल्पात मासेमारीला मनाई आहे. ते पाणी जसं आहे तसंच असू द्या.

---

झाडीपट्टी_गरी | १५ ऑक्टोबर, रात्री ९.००

सरावाचं राहिलं. इथे तलावावर काय होऊ शकेल?

---

पिसारा | १५ ऑक्टोबर, रात्री १०.२०

आधी पाण्याशिवाय सराव. फ्लायला स्वतःचं वजन नाही. आपल्या गरीत वजन फेकलं जातं आणि दोरी मागून जाते, इथे दोरीच जड असते आणि ती फ्लायला घेऊन जाते. हे हाताला कळायला वेळ लागतो. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत उभे राहा, दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा. मागे फेकल्यावर दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे. बहुतेकांचं चुकतं ते या थांबण्यात. टोपली ठेवून तिच्यात लोकर पाडायचा सराव करा.

मग तलाव. चिलापी बारीक वेट फ्लाय घेते. पृष्ठभागावर फिरणारे चंदेरी बारके मासे संध्याकाळी ड्रायवर येतात, ओढलेला गळ नीट लागायची सवय त्यांच्यावर होते, कारण ते क्षणात थुंकून टाकतात. ट्राउटही तसाच थुंकतो. मरळीला मोठ्या गळावर, अंगभर पीस गुंडाळलेली जाड फ्लाय पानवनस्पतीच्या कडेने ओढा. तो हल्ला एकदा पाहिला की माणूस विसरत नाही.

फक्त मरळीजवळ लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकू नका. आईबाप पिल्लांची राखण करत असतात आणि रागाने कशावरही झडप घालतात. त्यांना उचललं की सगळी पिल्लं गेली.

---

तलावकाठ | १६ ऑक्टोबर, सकाळी ९.३५

मी ढीवर समाजातला, आमच्या मच्छीमार संस्थेकडे गावचा तलाव लीजवर आहे. पिसारा भाऊंनी पिल्लांबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं. भाऊ, तलावावर जाण्याआधी संस्थेच्या लोकांना विचारा. बीज आमच्या पैशाने टाकलेलं असतं. हौसेने गरी टाकणाऱ्याला कोणी हाकलत नाही, पण न विचारता आलेला माणूस डोळ्यात भरतो. पावसाच्या सुरुवातीला मासे चढणीला लागतात तेव्हा महिनाभर काहीच टाकू नका. आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून घ्या, लहान मासा न दुखावता सोडता येतो.

तुमच्या त्या पिसाच्या गरीवर चिलापी येते हे मात्र मला पाहायचं आहे. आमच्याकडे या.

---

झाडीपट्टी_गरी | १६ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

नक्की येतो दादा, विचारूनच येतो. काटा आजपासूनच चेपतो.

---

पिसारा | १६ ऑक्टोबर, रात्री ९.१५

तीर्थनचं थोडक्यात. नागपूरहून दिल्ली, तिथून मनालीच्या बसने औटला उतरून बंजारकडे. मत्स्यविभागाचा परवाना घ्या, त्याशिवाय पाण्यात गळ नको. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, एप्रिल हा काळ चांगला. पुढे बर्फ जोरात वितळू लागला की पाणी गढूळ होतं.

ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूला त्याची पाठ असते. खालून वर चालत या, दगडांच्या मागे संथ पाण्याचे पट्टे शोधा. ड्राय वरच्या दिशेला टाकून प्रवाहासोबत मोकळी वाहू द्या. दोरीने ती जरा जरी ओढली गेली, तरी मासा तोंड फिरवतो. वेट मात्र आडवी टाकून खाली वाहू द्या आणि दोरी ताणली जाते तिथे, फ्लाय वळून वर उठते तेव्हा सावध राहा. बहुतेक वेळा घेतो तो त्याच ठिकाणी. कपडे मातकट रंगाचे घाला आणि सावली पाण्यावर पडू देऊ नका.

रीळ-रॉडचा खर्च जड वाटत असेल तर जपानी लोकांची टेंकारा पद्धत पाहा. रीळ नाही, काठीच्या टोकाला बांधलेली दोरी आणि एक फ्लाय. त्यांच्या फ्लायमध्ये पीस गळाच्या डोळ्याकडे पुढे झुकलेलं असतं, हलकेच ओढलं की उघडझाप होते. तुम्ही लहानपणापासून बिनारिळाचीच गरी टाकत आलात, हात दोन दिवसांत बसेल. आपला मानवेल बांबू भरीव असल्याने जड पडतो, मात्र सरावापुरता त्याचा बारीक शेंडा चालेल.

---

खुराडा | १७ ऑक्टोबर, सकाळी ७.००

भाऊ, आमच्याकडे एक पट्ट्यांचा कोंबडा जानेवारीत कापाचा आहे. मान सोलून वाळवून ठेवते. कोंबडीच्या पाठीची ठिपक्याची पिसंही जमवते. यवतमाळले आले की घेऊन जा, पैसे नको. फक्त ती फ्लाय बांधून झाली की एक मले पाठवा, माह्या कोंबड्याचं पीस कसं दिसते ते पाहू द्या.

---

कोसाधागा | १७ ऑक्टोबर, सकाळी ९.२५

कमी पिळाच्या कोशाची एक लडी मीही बाजूला ठेवली आहे. मधाच्या रंगाची एक आणि थोडी गडद एक. आंधळगावला या, किंवा पत्ता खाजगी निरोपात कळवा. लडी उन्हात ठेवू नका, रंग उडतो.